हुशार विद्यार्थ्याची झोप

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्याकडे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, एखादे पुस्तक आणि टाळ्यांचा कडकडाट, असा तो लहानसाच पण आनंदाचा समारंभ असतो. अशा समारंभात वक्ते बोलावयास उभे राहिले की एक वाक्य हटकून येते : "या मुलीने रात्रीचा दिवस केला, म्हणून आज हे यश तिच्या पदरी पडले." सभागृह टाळ्या वाजविते. मागच्या रांगेत बसलेली नववीची मुले ते वाक्य मनात साठवून घरी जातात. हे वाक्य मी स्वतः शिक्षक या नात्याने अनेकदा बोललो आहे. या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा प्रथम आठवले ते हेच वाक्य. ते चुकीचे आहे असे आता मला वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एक आठवण सांगतो. पैनगंगेकाठच्या एका खेड्यातील मुलगी आमच्या दहावीच्या वर्गात होती. पहिलीपासून तिने पहिला क्रमांक सोडला नव्हता. गणितात तिचा हात असा चाले की, मी फळ्यावर उदाहरण मांडीपर्यंत तिचे उत्तर तयार असे. माघ महिन्यातल्या प्री-फायनल परीक्षेत तिची गणिताची उत्तरपत्रिका माझ्या हाती आली आणि मी थक्क झालो. रीत बरोबर, पण एका ओळीत अधिकचे उणे झाले होते, दुसरीकडे ६ चे ९ झाले होते, आणि शेवटचे उदाहरण अर्ध्यावरच सोडले होते. मी तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, मी तर आता आधीपेक्षा जास्त अभ्यास करते. रात्री दीड वाजेपर्यंत बसते आणि पाचला उठते." दिवाळीनंतर एकदा तिने हीच गोष्ट मला सांगितली होती, आणि त्या वेळी मी तिला 'शाब्बास' म्हटले होते! ती शाब्बासकीच तिला नडली. पुढे परीक्षेपर्यंत तिला रात्री दहाला दिवा मालवावयास लावले, तेव्हा कोठे तिचा हात पूर्ववत चालू लागला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, झोपेचा प्रश्न हा आळशी मुलांचा नसून बहुधा हुशार मुलांचा आहे. आळशी मुलाला झोप कमी पडत नाही. जो मुलगा मनापासून अभ्यास करतो, ज्याच्याकडून घरच्यांच्या आणि शाळेच्या अपेक्षा असतात, तोच आपली झोप विकून अभ्यासाचे तास विकत घेतो. हा सौदा तोट्याचा आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

जुन्यांचा शब्द

'विद्यार्थ्याची झोप श्वानासारखी असावी' असे सांगणारे सुभाषित आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. त्याचा अर्थ आपण 'कमी झोप' असा करतो. वस्तुतः श्वानाची झोप सावध असते, कमी नसते. आपल्या अंगणातले कुत्रे दिवसाकाठी किती तास झोपते, हे एकदा पाहिले म्हणजे खात्री पटेल! आयुर्वेदात चरकसंहितेने शरीर धरून ठेवणारे जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या जोडीला निद्रेला बसविले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असाच निर्णय आहे. म्हणजे जुन्यांचा कौल जागरणाच्या बाजूचा नाही. तो बेताच्या बाजूचा आहे. जागरणाची थोरवी ही आपण अलीकडे परीक्षेच्या भयाने वाढवून ठेवलेली गोष्ट आहे.

आता बेत म्हणजे किती? अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने उपलब्ध संशोधनाचा विचार करून २०१६ साली वयोमानानुसार तास सांगितले. ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींस ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला किमान आठ तास. आपल्या घरात दहावीच्या मुलाला आठ तास झोपलेला पाहून आईच्या जिवाला घोर लागतो, हे आपण जाणतोच.

झोपेत काय घडते?

झोप म्हणजे मेंदूचा दिवा विझणे, असा पूर्वी समज होता. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरी टिपण्याची युक्ती शोधून १९२९ साली ती प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्याने १९५३ साली शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेतही ठरावीक अंतराने डोळे पापण्यांआड वेगाने हलतात आणि त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणासारखाच कामात असतो. स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते आणि उत्तरार्धात ही स्वप्नांची झोप अधिक असते. सुमारे दीड-दीड तासाची अशी चार-पाच आवर्तने मिळून एक रात्र पुरी होते. म्हणून जो मुलगा चार तासच झोपतो त्याची नुसती निम्मी झोप जात नाही; शेवटच्या आवर्तनांतील झोप जवळजवळ सगळीच जाते.

या वेळात मेंदू करतो तरी काय? आपल्या भागातील उदाहरणाने सांगतो. दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी धुऱ्यावर ढीग करून ठेवतात. तो गाडीत भरून घरी आणला, कोठीत नीट रचला, तर तो आपला. धुऱ्यावरच राहिला तर वारा, दव आणि गुरे यांचा. दिवसा वाचलेले आणि ऐकलेले आधी मेंदूच्या हिपोकॅम्पस नावाच्या भागात असेच ढिगाने पडते. गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा उजळतो आणि हळूहळू बाह्य पटलातील कायमच्या कोठीत नेऊन ठेवतो. रात्री एकपर्यंत वाचणारा विद्यार्थी वेचणी जोरात करतो, परंतु गाडी मात्र जुंपत नाही.

याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबॅख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करावयास लावल्या. पाठांतरानंतर कधी त्यांना झोपू दिले, कधी नेहमीची कामे करीत जागे ठेवले. आठ तासांनी विचारले तेव्हा जागे राहिल्यावर दहांतले जेमतेम एखादे अक्षर आठवले. झोप झाल्यावर निम्म्याहून अधिक आठवली. माणसे दोनच होती, ही या प्रयोगाची उणीव. परंतु पुढील शंभर वर्षांत झालेल्या असंख्य प्रयोगांनी मूळ मुद्दा पक्काच केला आहे.

विद्यार्थ्यांवरील पाहणी

प्रयोगशाळा सोडून प्रत्यक्ष शाळेत आले तरी हाच अनुभव येतो. लॉस एंजेलिस येथील ५३५ माध्यमिक विद्यार्थ्यांकडून चौदा-चौदा दिवसांच्या रोजनिश्या भरून घेतल्या गेल्या. किती वेळ अभ्यास केला, किती झोपलो, दुसऱ्या दिवशी वर्गात शिकविलेले समजले का, चाचणी कशी गेली, अशा त्या नोंदी होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा निष्कर्ष असा की, ज्या रात्री विद्यार्थ्याने झोप मोडून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात समजण्यास अडचण आली किंवा चाचणी अपेक्षेपेक्षा वाईट गेली. विद्यार्थी एरवी किती अभ्यास करणारा आहे, याने यात फरक पडला नाही. जादा अभ्यासाने नुकसान केले असा याचा अर्थ नव्हे. तो अभ्यास झोपेच्या किमतीला घेतला, तेथे नुकसान झाले.

ऱ्होड आयलंड राज्यातील तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी १९९८ साली वुल्फसन आणि कार्स्काडन या दोन विदुषींनी प्रसिद्ध केली. तीत वरच्या श्रेणीच्या विद्यार्थ्यांपेक्षा खालच्या श्रेणीचे विद्यार्थी रोज सुमारे २५ मिनिटे कमी झोपत आणि सरासरी ४० मिनिटे उशिरा अंथरुणास पाठ लावीत, असे आढळले. पुढे २०१९ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत रसायनशास्त्राच्या एका वर्गाची संपूर्ण सत्रभर झोप मोजली गेली. तेथे एक मार्मिक गोष्ट दिसली. केवळ परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो आधीच्या आठवड्यातील व महिन्यातील झोपेशी आणि तिच्या नियमितपणाशी. अशा पाहण्यांवरून 'झोपेनेच गुण वाढले' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे खरे. नीटनेटक्या विद्यार्थ्याची झोपही नीटनेटकी असते, असेही असू शकेल. परंतु 'गुण हवेत तर झोप सोडा' या समजुतीला मात्र यांत कोठेच आधार सापडत नाही.

"पण मला सवय झाली आहे!"

हुशार विद्यार्थ्याचा हा हुकमी युक्तिवाद. त्यालाही उत्तर मिळाले आहे. २००३ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी तरुण माणसांना प्रयोगशाळेत ठेवून काहींना रोज सहाच तास झोपू दिले. चौदा दिवसांअखेर त्यांची सावधानता आणि स्मरण यांची घसरण जवळजवळ एक-दोन रात्री सबंध जागलेल्या माणसाइतकी झाली होती. आणि गंमत अशी की, त्यांना स्वतःला विचारले तर ती माणसे 'थोडीशीच झोप येते' असे सांगत! सवय झाली ती जागण्याची नव्हे. आपण मंदावलो आहोत हे न कळण्याची. झोपेची थकबाकी ही सावकाराच्या व्याजासारखी वाढते, आणि कर्जदाराला वही पाहावयास मिळत नाही.

मग रात्री दहानंतर पोराला झोपच येत नाही, ही आईची तक्रार खोटी का? तीही खोटी नाही. आपल्या शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. त्या घड्याळाचे पेशींतील कार्य उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचे द्रव्य पाझरते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. वयात येणाऱ्या मुलामुलींत ही वर्दी एक-दोन तास उशिरा येते. म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा रात्री टवटवीत आणि सकाळी सुस्त दिसतो. हा आळस नव्हे, वयाचा धर्म आहे. याच कारणाने अमेरिकेतील बालवैद्यांच्या अकादमीने २०१४ साली शिफारस केली की, मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्या शेजारी महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश काढला, तो मुलांची झोप पुरी होत नाही याच कारणासाठी.

मात्र या वयधर्मात आपण आणखी भर घालतो, ती दोन गोष्टींनी. एक, रात्रीचा चहा. दिवसभर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे डोळे जड होतात. चहा-कॉफीतील कॅफीन त्याची जागा अडवून बसते. ते झोपेचे देणे फेडीत नाही, फक्त तगादा थांबविते. आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडावयास सुमारे पाच तास लागतात. दुसरी गोष्ट, उशाशी असलेला फोन. त्याचा प्रकाश मेलॅटोनिनला मागे सारतो आणि त्यातील गमतीजमती मनाला सोडीत नाहीत.

परळच्या खोलीतील राखण

जागरणाचा विषय निघाला की आपल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती कथा नीट सांगितली पाहिजे. परळच्या चाळीत आंबेडकर कुटुंबाची एक खोली होती. स्वयंपाक, निजणे, अभ्यास, सारे तेथेच. दिवसभर गलका. वडील रामजी सुभेदारांनी युक्ती काढली. ते भीमरावाला रात्री लवकर निजवीत आणि स्वतः दोन वाजेपर्यंत जागत. दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर स्वतः पाठ टेकीत. चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात तो विद्यार्थी अभ्यास करी. १९०७ साली तो एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला.

या कथेतून आपण 'पहाटे दोनला उठावे' एवढाच धडा घेतला. आजच्या हिशेबाने ती झोप थोडीच म्हणावी लागेल, आणि ज्या घरात दुसरी खोली आहे त्या घराला दोनला उठविण्याचे कारणही नाही. माझ्या मते धडा निराळा आहे. रामजींनी मुलाला आधी निजविले. अभ्यासाच्या शांततेसाठी जागरण करावयाचे ते कोणी, हा प्रश्न आला तेव्हा त्या बापाने ते स्वतःकडे घेतले. पुढे १९२० नंतर लंडनमध्ये बाबासाहेब रात्र रात्र अभ्यास करीत. सोबती असनोडकर 'आता झोपा' असे विनवीत, तेव्हा अन्नाला पैसे नाहीत आणि झोपेला वेळ नाही, असे त्यांचे उत्तर असे. ती तिशीतल्या माणसाची दारिद्र्यातली सक्ती होती. ज्याची सक्ती होती त्याचा आपण आदर करावा. पण आपल्या पंधरा वर्षांच्या मुलावर ती हौसेने लादू नये.

आपल्या जिल्ह्यातील अडचणी

आदिलाबादच्या मराठी मुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात मराठवाड्याबरोबर होता. त्यानंतर आंध्रात आणि २०१४ पासून तेलंगणात. मराठी शाळा टिकल्या, पण मुलाच्या पाठीवर भाषांचे ओझे वाढले. घरी व वर्गात मराठी, २०१८ च्या कायद्याने सक्तीची तेलुगू, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. दहावीनंतर तर विज्ञान-गणित एकदम इंग्रजीत येते. तोच धडा आधी शब्दकोशातून समजावयाचा आणि मग पाठ करावयाचा, म्हणजे अभ्यास दुप्पट. हे दुसरे ओझे बहुतेक वेळा झोपेतून वजा होते. बासरच्या ट्रिपल आयटीत, म्हणजे २००८ साली निघालेल्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात, दहावीच्या गुणवत्तेवर प्रवेश मिळतो. सरस्वतीचे हे क्षेत्र पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तेथे आपले मूल जावे, ही खेड्यापाड्यांतील कित्येक घरांची आस आहे. ती रास्तही आहे. परंतु तिच्यापायी नववी-दहावीची दोन वर्षे मुले अर्धवट झोपेत काढतात.

यावर उपाय आहे. इंग्रजी परिभाषेची ओळख अकरावीच्या रात्रींवर न टाकता आठवी-नववीच्या उन्हाळी सुट्टीत करून घ्यावी. रोज दहा शब्द, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी लिहून. दोन सुट्ट्यांत हजारभर शब्द सहज होतात, आणि पुढे रोजचा निदान तासभर वाचतो.

मुलींचे दुःख आणखी निराळे. दिवाळी ते संक्रांत हा कापूस वेचणीचा हंगाम. आई पहाटे शेताला निघते आणि पाणी, झाडलोट, भाकरी हे थोरल्या मुलीच्या वाट्याला येते. भाऊ आणि बहीण एकाच वर्गात असली तरी बहिणीचा दिवस दोन तासांनी तोकडा असतो, आणि ते दोन तास ती झोपेतून काढते. हुशार मुलीच्या घरी मला एकच सांगणे आहे : तिला नवे दप्तर घेण्याआधी तिची निम्मी कामे तिच्या भावाला द्या.

हवामानाचाही विचार करावा. पौषातली आपल्याकडची थंडी तेलंगणात नावाजलेली. पहाटे चारला उठून गोधडीत बसून केलेला अभ्यास म्हणजे बहुधा बसल्याबसल्या काढलेली डुलकीच असते. उलट मार्चमध्ये दहावीची परीक्षा येते तेव्हा पत्र्याखालची खोली रात्रीसुद्धा तापलेली असते. अशा वेळी अंगणात बाज, वर मच्छरदाणी आणि निजण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ, एवढ्याने झोपेला फार मदत होते.

दिवसाची वाटणी

आता हिशेब मांडू. शाळा साडेनऊ ते साडेचार धरली. पाचला घरी आल्यावर खाणे आणि तासभर मोकळे खेळणे. याला फाटा देऊ नये. सहा ते आठ पहिला अभ्यास. यात गणितासारखा कठीण विषय. मग जेवण. पावणेनऊ ते दहा दुसरा अभ्यास. यात वाचन आणि पाठांतर. दहाला दिवा मालवावा. सकाळी सहाला उठावे आणि सव्वासहा ते पावणेआठ तिसरा अभ्यास. झोप आठ तास. अभ्यास पावणेपाच तास. शाळेशिवाय पावणेपाच तास मन लावून झाले तर कोणत्याही परीक्षेला ते पुरेसे आहेत. ते पुरत नसतील तर दोष तासांचा नसून पद्धतीचा आहे, असे समजून शिक्षकांस भेटावे. ज्याला बसने शाळा गाठावी लागते त्याने वेळा मागेपुढे कराव्यात. आठ तास मात्र अढळ ठेवावेत.

या वाटणीबरोबर काही नियम :

पहिला, उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. फार तर तासभर सवलत. घड्याळ नियमाने चालते, लहरीने नाही.

दुसरा, पहाटेचा अभ्यास चांगला, पण तो आदल्या रात्री कमवावा लागतो. चारला उठावयाचे तर आठला निजले पाहिजे. अकराला निजून चारला उठणे ही शिस्त नव्हे, उधारी होय.

तिसरा, पुस्तक पाचदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून ते मिटावे आणि आठवून लिहावे. आठवताना अडते तेथेच शिकणे होते. यात निम्मा वेळ वाचतो, आणि तोच वेळ झोपेला मिळतो.

चौथा, निजण्यापूर्वीची दहा मिनिटे त्या दिवशी शिकलेल्याची उजळणी करावी; नवा धडा त्या वेळी उघडू नये.

पाचवा, दुपारी चारनंतर चहा नको. फोन निजण्याच्या निदान अर्धा तास आधी दुसऱ्या खोलीत, आईच्या ताब्यात. गजराला साधे घड्याळ पुरते.

सहावा, सुट्टीच्या दिवशी दुपारी वीस-तीस मिनिटे डोळा लागला तर लाभच आहे. दोन तास झोपलात तर रात्र बिघडते.

सातवा, परीक्षेच्या आदल्या रात्री दहाला पुस्तक मिटावेच. जे महिन्याभरात झाले नाही ते त्या रात्री होत नाही. जे झाले आहे ते मात्र त्या रात्री बिघडू शकते. आणि एखादी रात्र झोप लागली नाही तर घाबरू नये. आधीची शिल्लक चांगली असेल तर एका रात्रीने कोणी नापास होत नाही.

आठवा, चार-सहा आठवडे झोपच येत नसेल, मूल फार घोरत असेल, किंवा काळजीने रात्रभर तळमळत असेल, तर रागावू नये, डॉक्टरांस दाखवावे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारने २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. मदत मागणे हा हुशारीला कमीपणा नव्हे.

घर आणि समाज

हे सर्व एकट्या विद्यार्थ्याने पाळावयाचे, असे मी म्हणणार नाही. दहाला त्याने दिवा मालवावा आणि शेजारच्या मांडवात ध्वनिक्षेपक गर्जत राहावा, तर नियमांचा काय उपयोग? रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी, असा नियम देशात २००० सालापासून आहे; आणि झोप हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट म्हटले आहे. लग्नाच्या, उत्सवाच्या आणि सप्ताहाच्या मंडळींनी निदान जानेवारी ते मार्च एवढे तीन महिने ही आठवण ठेवावी. वसतिगृहे आणि अभ्यासिका चालविणाऱ्या संस्थांनी दिवे लावण्याच्या वेळेबरोबर मालविण्याची वेळही पाटीवर लिहावी. घरी टीव्ही असेल तर तो साडेआठला बंद व्हावा. बापाला एवढे जागरण तर करावे लागत नाही!

आणि सत्कारसमारंभात बोलणाऱ्या आम्हां मंडळींनी ते जुने वाक्य सोडावे. पुढच्या वर्षी पुन्हा शाल-श्रीफळ घेऊन एखादी मुलगी व्यासपीठावर येईल. ती किती वाजेपर्यंत जागली हे न सांगता, तिने अभ्यास कसा केला आणि तिच्या झोपेची राखण घरात कोणी केली, हे सांगावे. ज्या आईने वेचणीहून येऊन चूल स्वतः पेटविली आणि मुलीला दहाला निजविले, त्या आईला व्यासपीठावर बोलवावे. मागच्या रांगेतील नववीची मुले तेही मनात साठवून घरी जातील.

माझी ती विद्यार्थिनी पुढे इंजिनियर झाली. मध्यंतरी भेटली तेव्हा हसून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मला गणित शिकवलेच, पण झोपा म्हणून रागावलात, ते जास्त उपयोगी पडले." शिक्षकाला याहून निराळी बिदागी कोणती हवी?